थंड इंजिनाची झडप : स्वयंचलित चोक आणि त्याच्या दुरुस्तीचा इतिहास

पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या मोटारगाडीच्या कार्ब्युरेटरचा वरचा भाग, म्हणजे एअर फिल्टरचे डबडे काढल्यावर दिसणारे हवा आत घेण्याचे तोंड, पाहिला तर त्यात एका आडव्या दांडीवर बसवलेले पातळ धातूचे पाते दिसते. हे पाते आडवे होऊन तोंड मिटते तेव्हा इंजिनाला मिळणारी हवा अडते आणि उभे राहते तेव्हा हवेला पूर्ण वाट मिळते. या पात्याला चोक म्हणतात, आणि ते चालकाने हाताने मिटावे की यंत्राने आपले आपण मिटावे व उघडावे, या प्रश्नाभोवती साधारण 1930 पासून 1990 पर्यंत मोटार उद्योगातील एका लहान पण विलक्षण चिकाटीच्या कौशल्याचा इतिहास घडला. पाते फिरवणारी स्प्रिंग तळहातावर मावेल एवढी असे, पण तिच्यामुळे थंडीच्या सकाळी रस्त्यात अडलेल्या गाड्यांची आणि विनाकारण खोलल्या गेलेल्या कार्ब्युरेटरांची गणती करणे कठीण आहे. या यंत्राची बहुतेक दुखणी एकाच मुळातून उगवतात : इंजिन तापले आहे की नाही हे स्वयंचलित चोकला स्वतः कळत नसे, इंजिनाच्या जवळपासची दुसरी कोणतीतरी जागा तापली आहे का, एवढेच त्याला कळत असे. त्या जागेची ऊब आणि इंजिनाची खरी ऊब यांत जे अंतर पडे, त्याच अंतरात दोष जन्माला येत.

चोक मुळात का लागतो, हे समजण्यासाठी पेट्रोलच्या स्वभावाकडे पाहावे लागते. द्रवरूप पेट्रोल सिलिंडरमध्ये जळत नाही, त्याची वाफ हवेत मिसळून जळते. वजनाने साधारण 15 भाग हवेला 1 भाग पेट्रोल असे प्रमाण असेल तर ज्वलन पूर्ण होते. परंतु पेट्रोल हा एकच पदार्थ नसून लवकर उडणाऱ्या हलक्या आणि उशिरा उडणाऱ्या जड अशा अनेक घटकांचे मिश्रण असल्यामुळे, थंड इंजिनात त्यातील फक्त हलका अंश वाफ होतो आणि उरलेला भाग इनटेक मॅनिफोल्डच्या, म्हणजे कार्ब्युरेटरपासून सिलिंडरपर्यंत जाणाऱ्या नळांच्या, गार भिंतींवर ओला थर धरून बसतो. त्यामुळे कागदावर 15 ला 1 असलेले मिश्रण ठिणगीपाशी पोहोचेपर्यंत इतके विरळ होते की ते पेटतच नाही. यावर उपाय एकच, आणि तो थोडा उधळपट्टीचा : पेट्रोल कित्येक पटींनी जास्त द्यायचे, म्हणजे त्यातून उडणारा थोडा अंशही पेटण्यापुरता ठरेल. चोकचे पाते मिटले की पिस्टनांचे खेचणे हवेऐवजी पेट्रोलच्या जेटांवर, म्हणजे बारीक मापाच्या छिद्रांवर, एकवटते आणि पेट्रोल भरभरून येते. अशा मिश्रणाला मिस्त्री रिच म्हणतात आणि पेट्रोल कमी असलेल्या मिश्रणाला लीन. हेच शब्द मराठी गॅरेजांतही रुळलेले आहेत.

विल्हेल्म मायबाख याने जर्मनीत आणि दोनात बांकी व यानोश चोंका यांनी हंगेरीत 1893 च्या सुमारास फवारा मारणारा कार्ब्युरेटर सिद्ध केला, तेव्हा थंडीतील या अडचणीवर हातानेच मात केली जाई. फोर्डच्या 1908 ते 1927 या काळात बनलेल्या मॉडेल टी गाडीत रेडिएटरच्या पुढे तारेचे एक कडे लोंबत असे; पुढे उभे राहून एका हाताने हँडल मारताना दुसऱ्या हाताने ते कडे ओढायचे, म्हणजे चोक मिटे. चार्ल्स केटरिंग याने बनवलेला विजेवर चालणारा स्टार्टर 1912 च्या कॅडिलॅक गाड्यांत आला आणि हँडल मागे पडू लागले, तेव्हा चोकची तारही चालकाच्या बैठकीसमोरच्या डॅशबोर्डवर खुंटीच्या रूपात आली. ही खुंटी किती ओढायची आणि केव्हा आत ढकलायची हे शिकणे हा गाडी चालवायला शिकण्याचाच भाग होता.

या हातच्या चोकला दोन घटनांनी अडचणीत आणले. पहिली घटना पेट्रोलच्या बाजारातली होती. 1910 ते 1920 या दशकात गाड्यांची संख्या इतकी वाढली की मागणी भागवण्यासाठी तेलशुद्धीकरण करणाऱ्यांनी पेट्रोलमध्ये पूर्वीपेक्षा जड अंश घालायला सुरुवात केली, आणि असे पेट्रोल थंडीत उडेनासे झाले. न उडालेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन काढी आणि खाली तेलाच्या टाकीत उतरून वंगण पातळ करी. या दोषाला वंगणाची भेसळ म्हणता येईल, आणि 1922 मध्ये अमेरिकेत मोटार अभियंते, तेल उद्योग आणि सरकारी मापन संस्था यांनी एकत्र येऊन जे सहकारी इंधन संशोधन सुरू केले, त्याच्या पहिल्या विषयांत पेट्रोलचे उडणे आणि हीच भेसळ यांचा समावेश होता. दुसरी घटना गाडीच्या छपराची होती. 1919 मध्ये अमेरिकेत बनणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे 10 टक्के गाड्या बंद छपराच्या असत. 1927 पर्यंत हे प्रमाण 80 टक्क्यांच्या पुढे गेले. उघडी गाडी हिवाळ्यात घरी उभी राही, बंद गाडी मात्र बर्फातही बाहेर निघू लागली, आणि त्याबरोबर रोज सकाळी थंड इंजिन सुरू करणे हे हौशी माणसाचे कसब न राहता लक्षावधी कुटुंबांची रोजची गरज झाली. त्यांतील कितीतरी जण चोक ओढून गाडी सुरू करीत आणि खुंटी आत ढकलायला विसरत. मग इंजिन मैलोनमैल रिच मिश्रणावर चालून स्पार्क प्लगवर काजळी साचे, धूर काळा येई आणि वंगण पातळ होई. स्वयंचलित चोकची कल्पना जितकी सोयीतून आली तितकीच ती या विसरभोळेपणाच्या खर्चातून आली, हे सहसा लक्षात घेतले जात नाही.

नेहमीच्या उत्पादनातील गाडीवर स्वयंचलित चोक बसवण्याचा पहिला मान सामान्यतः ओल्डस्मोबिलच्या 1932 च्या गाड्यांना दिला जातो, आणि पुढच्या काही वर्षांत अमेरिकेतील अनेक मध्यम व महाग गाड्यांनी तो स्वीकारला. यंत्राचे हृदय मात्र त्याहून कितीतरी जुने होते. दोन वेगवेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवल्या की उष्णतेने एक जास्त आणि दुसरी कमी प्रसरण पावते व जोडपट्टी वाकते. ही द्विधातू पट्टी इंग्लंडच्या जॉन हॅरिसन याने अठराव्या शतकाच्या मध्यास आपल्या तिसऱ्या सागरी घड्याळात तापमानाचा परिणाम खोडून काढण्यासाठी वापरली होती. अशीच पट्टी घड्याळाच्या कमानीसारखी गुंडाळली की उष्णतेने ती उलगडते किंवा आवळते. चोकमध्ये या गुंडाळीचे एक टोक तिच्या डबीच्या टोपणाला अडकवलेले असे आणि दुसरे चोकच्या दांडीवरील लिव्हरला; थंडीत गुंडाळी दांडीवर जोर देऊन पाते मिटवी आणि तापल्यावर तिचा जोर सुटून पाते उघडे.

पण एवढ्यानेच काम भागत नाही, आणि स्वयंचलित चोकची खरी कल्पकता गुंडाळीच्या भोवतीच्या जोडकामात आहे. इंजिन फिरू लागताच पाते पूर्ण मिटलेले राहिले तर पेट्रोलने गुदमरून ते बंद पडेल. म्हणून इंजिन पेटताक्षणी मॅनिफोल्डमध्ये जी हवेची पोकळी, म्हणजे व्हॅक्यूम, तयार होते, तिच्यावर चालणारा एक बारीक पिस्टन किंवा पुढच्या काळात रबरी पडदा, गुंडाळीच्या जोराविरुद्ध पाते काही मिलिमीटर खेचून उघडे धरी. पात्याची दांडीही मुद्दाम मधोमध न बसवता एका बाजूला सरकवलेली असे, म्हणजे आत येणारी हवा स्वतःच पात्याच्या मोठ्या भागावर दाब देऊन ते थोडे ढकली. शिवाय थंड इंजिन मंद गतीत टिकत नाही म्हणून पायऱ्या पाडलेली एक छोटी चकती, म्हणजे फास्ट आयडल कॅम, चोकबरोबर फिरून थ्रॉटल, म्हणजे ॲक्सिलरेटरने उघडणारी झडप, थोडा उघडा धरी, आणि चोक उघडत गेला की वेग एकेक पायरी उतरे. शेवटची सोय चुकांसाठी होती : पेट्रोल जास्त होऊन इंजिन भिजले तर चालकाने ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून स्टार्टर फिरवायचा, म्हणजे एक लहानशी पट्टी चोक बळाने उघडून आत हवा जाऊ देई.

ऊब आणण्याचे काम सुरुवातीला गरम हवेने होई. एक्झॉस्ट मॅनिफोल्डवर, म्हणजे जळालेला वायू बाहेर नेणाऱ्या नळावर किंवा त्याच्या पोटात, एक छोटी पोकळी किंवा नळी ठेवून तिला स्टोव्ह म्हणत; तिथे तापलेली स्वच्छ हवा एका बारीक नळीने चोकच्या डबीत जाई, आणि ही हवा खेचण्याचे काम इंजिनाचीच व्हॅक्यूम करी. सेंट लुईसच्या कार्टर कंपनीच्या क्लायमॅटिक कंट्रोल या नावाच्या चोकमध्ये व्हॅक्यूम पिस्टनाच्या कडेच्या खाचांतून ही खेच मिळे. डबीला बेकेलाइटसारख्या काळ्या प्लॅस्टिकचे गोल टोपण तीन स्क्रूंनी धरलेले असे, टोपणाच्या कडेवर एक रेघ आणि डबीवर खुणांची रांग असे. टोपण एका दिशेने फिरवले की गुंडाळीचा ताण वाढून मिश्रण रिच आणि दुसऱ्या दिशेने फिरवले की लीन. कारखान्याच्या दुरुस्ती पुस्तकात या खुणांपैकी कोणत्या खुणेवर रेघ ठेवायची ते छापलेले असे, आणि अमेरिकेतील गॅरेजांच्या भिंतींवर व फळ्यांवर अशा आकड्यांची पुस्तके काळ्या बोटांच्या ठशांनी भरलेली दिसत.

क्रायस्लरच्या गाड्यांवर काही काळ सिसन या नावाचे वेगळे यंत्र आले, ज्यात स्टार्टरच्या प्रवाहाने चालणारे विद्युतचुंबक चोक मिटवी आणि एक्झॉस्ट मॅनिफोल्डला टेकवलेली द्विधातू पट्टी ऊब जाणून तो उघडू देई. पुढे गुंडाळी कार्ब्युरेटरपासून वेगळी करून थेट इनटेक मॅनिफोल्डमधील खळग्यात, एक्झॉस्टचा वायू ज्या आडव्या मार्गाने जाई त्याच्या माथ्यावर, बसवण्याची पद्धत पडली आणि तिथून एक काडी पात्यापर्यंत जाऊ लागली. ब्रिटन व युरोपातील काही कार्ब्युरेटरांत रेडिएटरचे गरम पाणीच डबीभोवती फिरवले जाई. जपानी कार्ब्युरेटरांत मेणाची गोळी वापरलेली दिसते, जी पाण्याच्या उष्णतेने वितळून फुगते आणि दांडी ढकलते. प्रत्येक रचनेत प्रश्न तोच राहिला : इंजिनाच्या वतीने ऊब कोणी सांगायची? एक्झॉस्टची नळी लवकर तापते पण लवकर निवते. पाणी उशिरा तापते पण ऊब धरून ठेवते. स्टोव्हवर चालणारा चोक दुकानासमोर अर्धा तास उभ्या असलेल्या गाडीत पुन्हा मिटे, आणि तोवर इंजिन आत गरमच असे. म्हणूनच जवळच्या खेपा करणाऱ्या कुटुंबांच्या गाड्या दुपारी सुरू होताना भिजत आणि मालकांना वाटे की कार्ब्युरेटर बिघडला.

चोक तपासण्याची पद्धत जाणत्या मिस्त्रींनी या रचनेवरूनच बांधली, आणि तिचे पहिले सूत्र हे होते की तपासणी रात्रभर उभ्या असलेल्या, पूर्ण थंड गाडीवर करायची. एअर फिल्टर काढून पाते पाहायचे; ते उघडे दिसले तरी घाबरायचे नाही, कारण फास्ट आयडल कॅमच्या पायरीत अडकल्याने चोक आपोआप मिटत नाही. ॲक्सिलरेटर एकदा दाबून सोडला की कॅम मोकळा होतो आणि पाते मिटायला हवे. ही एक गोष्ट न कळल्याने कितीतरी निर्दोष चोक बदलले गेले, कारण कंपनीच्या मालकपुस्तिकेत सुरुवातीला पाय एकदा दाबण्याची सूचना स्पष्ट असूनही ती वाचणारे थोडे होते. दाबूनही पाते मिटले नाही तर दांडी बोटाने हलवून पाहायची. ती जड वाटली तर दोष बहुधा स्प्रिंगचा नसून डिंकासारख्या राळेचा असे, जी सुकलेल्या पेट्रोलपासून आणि धुळीपासून दांडीच्या टोकांशी साचते. ती कार्ब्युरेटर साफ करणाऱ्या द्रावणाने धुऊन काढायची. तेल मात्र कधी घालायचे नाही, कारण तेल धूळ धरते आणि थोड्याच काळात दांडी पूर्वीपेक्षा घट्ट होते. साधी वाटणारी ही बाब दुरुस्तीच्या पुस्तकांतून इतक्या आवर्जून पुन्हा पुन्हा सांगितलेली आहे की अनुभवी कारागिरांनाही तेलाच्या डब्याचा मोह आवरत नसावा, असेच मानावे लागते.

त्यानंतर गाडी सुरू करून पात्याकडे पाहायचे. इंजिन पेटताच पात्याच्या कडेला ठराविक फट पडली पाहिजे, आणि ही फट मोजायला मिस्त्री ड्रिलच्या बिटाची दांडी वापरत. पुस्तकात दिलेल्या मापाचे बिट पाते आणि भिंत यांच्यामध्ये जेमतेम सरकले की व्हॅक्यूमचे खेचणे बरोबर आहे असे ठरे. इंजिन सुरू होऊन दोन-तीन गुरगुरांनंतर पेट्रोलच्या वासासह बंद पडत असेल तर फट कमी आहे, पडदा फाटला आहे किंवा त्याची रबरी नळी तडकली आहे. सुरू होऊन खोकत असेल, कार्ब्युरेटरमधून उलट फटका येत असेल, तर फट जास्त आहे आणि मिश्रण लीन. पुढची काही मिनिटे वाट पाहायची, आणि येथेच या कामात सर्वाधिक संयम लागे. इंजिन तापत जाताना पाते हळूहळू उभे व्हायला हवे. ते मिटलेले राहिले, धूर काळा येऊ लागला, आयडल चढाच राहिला, तर मिस्त्रीचे लक्ष टोपणाच्या खुणांकडे जाण्याआधी गरम हवेच्या नळीकडे जायला हवे : नळी हाताला थंड लागली तर टोपण कितीही फिरवले तरी काही होणार नाही. व्हॅक्यूमचा मार्ग बुजला असेल तर हवा खेचलीच जात नाही. एक्झॉस्टच्या आतली नळी गंजून भोक पडले असेल तर हवेऐवजी जळका धूर डबीत येतो, डबी काळ्या काजळीने भरते आणि पिस्टन जाम होतो. खळग्यात बसवलेल्या चोकच्या गाड्यांत इनटेक मॅनिफोल्डमधला आडवा मार्ग कार्बनने बुजल्याने किंवा एक्झॉस्टमधली उष्णता वळवणारी झडप उघड्या स्थितीत गंजून अडकल्याने चोक उशिरा उघडे, आणि वरवर पाहणाऱ्याला कार्ब्युरेटर निर्दोष दिसूनही दोष तिथेच शोधावासा वाटे.

या धंद्यातली सर्वांत सामान्य चूक म्हणजे लक्षण बघून टोपण फिरवणे. गाडी सकाळी सुरू होत नाही म्हणून एका मिस्त्रीने एक खूण रिच केली, मग ती दुपारी काळा धूर टाकू लागली म्हणून दुसऱ्याने दोन खुणा लीन केली, आणि अशा रीतीने काही वर्षांत मूळ दोष तसाच राहून कारखान्याची खूण हरवे. याउलट चांगल्या गॅरेजात काम सुरू होताना टोपणाची रेघ आधी पुस्तकातल्या खुणेवर परत आणली जाई, जेणेकरून निदान मूळच्या स्थितीपासून सुरू होईल. हा नियम साधा आहे, पण यंत्राविषयी आदर असल्याशिवाय तो पाळला जात नाही. ऊब आणि इंजिन यांच्यातील अंतराचा प्रश्न टोपण फिरवून सुटत नाही, हे ओळखणे हेच या कौशल्याचे मर्म होते, आणि दुरुस्तीच्या पुस्तकांत लक्षणांच्या कोष्टकांपेक्षा नळ्यांच्या व झडपांच्या आकृत्यांना जास्त पाने का दिली जात, याचेही उत्तर त्यातच आहे.

1960 नंतर विजेने चोकचा स्वभाव पुन्हा बदलला. फोक्सवागेनच्या बीटलमध्ये पाण्याचे रेडिएटर नव्हते आणि इंजिन गाडीच्या मागे होते. 1961 च्या मॉडेलवर्षापासून तिच्या सोलेक्स कार्ब्युरेटरवर विजेच्या गुंडाळीने तापणारा स्वयंचलित चोक आला, ज्यात इंजिनाच्या उष्णतेची साक्ष पूर्णपणे सोडून देऊन घड्याळासारखी वेळच मोजली जाई. चावी फिरवली की हीटर तापू लागे आणि काही मिनिटांत चोक उघडे, इंजिन तापले असो वा नसो. बीटलच्या मालकांना त्यामुळे नवी शिस्त शिकावी लागली : चावी चालू ठेवून गाडी सुरू करायला उशीर केला तर चोक उघडून बसे आणि थंड इंजिन पेटेनासे होई. अमेरिकी कंपन्यांनी पुढे या चुकीवर वेगवेगळ्या वाटांनी इलाज केला. फोर्डने वीज अल्टरनेटरच्या अशा टोकावरून घेतली जिथे इंजिन फिरल्याशिवाय प्रवाहच येत नाही. जनरल मोटर्सच्या काही गाड्यांत तेलाचा दाब आल्यावरच वीज देणारा स्विच लावला गेला. या गाड्यांच्या दुरुस्तीत मिस्त्रींना व्होल्टमीटर हाती घ्यावा लागला, आणि एक नवा, फसवा दोषही समोर आला : काही विद्युत चोक आपली अर्थिंग, म्हणजे प्रवाह परत जाण्याची वाट, डबीच्या धातूतूनच घेत, आणि सुट्या भागांच्या संचातून आलेले कागदी गॅस्केट टोपणाखाली लावले की प्रवाह तुटून चोक कधीच उघडेना.

अमेरिकेत विजेकडे वळण्याचे खरे कारण मात्र सोय नसून हवा होती. 1970 च्या अमेरिकी स्वच्छ हवा कायद्यानंतर मोटारीच्या धुराची जी चाचणी ठरली, तिच्यात गाडी किमान 12 तास 20 ते 30 अंश सेल्सिअसच्या खोलीत उभी ठेवून मग थंड इंजिन सुरू करायचे आणि पहिल्या क्षणापासूनचा धूर मोजायचा असे. चोक मिटलेला असतानाची ती पहिली एक-दोन मिनिटे धुराच्या हिशोबात सर्वांत घाणेरडी निघाली, आणि जो चोक पूर्वी दयाळूपणे रेंगाळला तरी चालत असे तो आता जमेल तितक्या लवकर उघडणे भाग पडले. क्रायस्लरने 1973 च्या मॉडेलांपासून खळग्यातल्या गुंडाळीला विजेचा हातभार दिला. 1975 मध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी अंश जाळणारा डबा, आल्यावर रिच मिश्रण आणखी घातक ठरले, कारण न जळलेले पेट्रोल त्या डब्यात पेटून तो वितळवू शकते. चाचणीत उत्तीर्ण होणाऱ्या गाड्या सकाळी चालकाला मात्र त्रास देऊ लागल्या : चोक इंजिनापेक्षा लवकर उघडल्याने गाडी पहिल्या चौकात अडखळे, बंद पडे. मालक तक्रार करी, मिस्त्री टोपण रिच बाजूला फिरवी, आणि हवा पुन्हा बिघडे. हे थांबवण्यासाठी 1980 च्या सुमारास टोपणाचे स्क्रू काढून रिव्हेट ठोकले गेले, जे काढायला मिस्त्रीला ड्रिलच करावे लागे. एका पिढीने मोजमाप म्हणून वापरलेल्या ड्रिलने दुसऱ्या पिढीला टोपणच फोडावे लागले.

भारतात स्वयंचलित चोक फार थोड्या गाड्यांवर दिसला, आणि त्याचे कारण तांत्रिक मागासलेपण नसून हवामान व अर्थकारण यांचा मेळ हे आहे. जनरल मोटर्सने 1928 मध्ये मुंबईत शिवडीला गाड्यांची जुळणी सुरू केली, आणि वालचंद समूहाच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सने 1940 च्या दशकात कुर्ल्याला क्रायस्लरच्या सहकार्याने डॉज व प्लिमथ जोडल्या. या काळात आलेल्या महागड्या अमेरिकी गाड्यांबरोबर स्वयंचलित चोकही मुंबईच्या गॅरेजांत आला असणार, असे म्हणता येते. पण 1950 च्या दशकाच्या मध्यापर्यंत परदेशी जुळणी कारखाने आटोपले आणि देशात हिंदुस्थान मोटर्सची अँबॅसॅडर व प्रीमियरची फियाट, जी 1970 च्या दशकात पद्मिनी झाली, एवढ्याच मोठ्या संख्येने उरल्या. दोन्हींना हातचा चोक होता. अँबॅसॅडरवर बसणाऱ्या एस. यू. कार्ब्युरेटरमध्ये तर चोकचे पातेच नव्हते, खुंटी ओढली की जेटची नळी खाली सरकून निमुळत्या सुईभोवतीची फट वाढे. मुंबईची वर्षातली बहुतेक पहाट अमेरिकी चाचणीखोलीच्या तापमानाच्या आसपासच उगवते, त्यामुळे तिथे चोक फारतर मिनिटभर लागे. नाशिक, पुणे किंवा नागपूरच्या हिवाळ्यात तो थोडा अधिक ओढावा लागे आणि चालकाच्या हाताला तो अंदाज आपोआप येई. इतक्या थोड्या गरजेसाठी गरम हवेची नळी, पिस्टन आणि गुंडाळी यांचा खर्च न करण्याचा निर्णय योग्यच होता. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सींनी पुढे सीएनजी घेतले तेव्हा ती गरजही जवळजवळ संपली, कारण सीएनजी मुळातच वायू असल्याने त्याला वाफ होण्यासाठी उष्णता लागत नाही. शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची 20 वर्षांची मुदत ऑक्टोबर 2023 मध्ये संपली.

नव्या गाड्यांतून कार्ब्युरेटर अमेरिकेत 1990 च्या आसपास आणि भारतात 2000 मधील धूर नियमांच्या काळात नाहीसा झाला. त्याच्या जागी आलेल्या फ्युएल इंजेक्शनमध्ये इंजिनातील पाण्याचे तापमान संवेदक थेट मोजतो आणि संगणक त्यानुसार पेट्रोल वाढवतो, म्हणजे दूरच्या जागेच्या साक्षीवर अवलंबून राहणे थांबले. तरीही जुन्या अमेरिकी व युरोपीय गाड्या जपणारे लोक आज स्वयंचलित चोक दुरुस्त करतात आणि त्यांच्यापुढे एक प्रश्न उभा आहे जो 1950 च्या मिस्त्रीला ठाऊक नव्हता. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असते, अमेरिकेत साधारण 10 टक्के आणि भारतात आता 20 टक्क्यांपर्यंत. इथेनॉलला वाफ होण्यासाठी पेट्रोलपेक्षा दुपटीहून अधिक उष्णता लागते आणि जळायला हवा कमी लागते, त्यामुळे जुन्या जेटांवर मिश्रण लीन होते आणि थंडीत सुरुवात कठीण होते. चांगला दुरुस्तीकार आजही टोपणाची रेघ आधी पुस्तकातल्या खुणेवर आणतो, नळी, पडदा आणि दांडी तपासतो, आणि त्यानंतरच, पुस्तक नको म्हणत असले तरी, एखादी खूण रिच बाजूला जातो. कारण ती खूण ज्या पेट्रोलसाठी कोरली होती ते पेट्रोल आता कोणत्याही पंपावर मिळत नाही.